आईचा आवाज अडवणारा फोन

२२ नोव्हेंबर २००९, रविवार, नाशिक

एवढा महागडा टचस्क्रीन फोन, आणि त्यातली एक फाइल दुसऱ्या फोनला देता येत नाही! नुसतं चकचकीत थोबाड. पक्षाघाताने आईची वाचा गेली, त्याआधीचं एकमेव रेकॉर्डिंग त्यात अडकलंय. धाकटी बहीण सुमन आज नामपूरहून खास त्यासाठी आली. तिच्या बटणांच्या फोनात फोल्डर उघडतात, ब्लूटूथने फाइल जाते. माझ्यात फोल्डरच नाहीत. कशाला घेतला मी हा?

"ताई, दागिना आहे तुझा. लॉकरात ठेव," सुमन म्हणाली.

शेवटी माझा स्पीकर लावून तिच्या फोनवर रेकॉर्ड केलं. रेकॉर्डिंगमधल्या आईने अहिराणीत विचारलं, "जेवनी का व माय?" सुमन चटकन म्हणाली, "हा, माय." तेही त्यात आलं.

पुन्हा रेकॉर्ड करू का, मी विचारलं. तिने फोन पदराआड धरला.