चोवीस कच्च्या कपांची कैफियत

रोहा,
श्रावणातला दुसरा बुधवार

तीर्थरूप हैबतकाकांच्या चरणी रोह्याच्या मैनाचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार तूर्त कागदावरच घ्यावा. कुंभाराच्या चाकावर वाकून कंबर अशी धरली आहे की खरा साष्टांग घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील.) आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमचा खोकला कसा आहे? हौसाकाकूंचे गुडघे काय म्हणतात? मालू नीट जेवते का, की अजून हसतेच आहे? कारखान्यातल्या मूर्तींना या पावसात जरा तरी ऊन मिळतंय का, तेही कळवावं. पोपटदादाला नमस्कार. क्षेमकुशल इथे संपलं, आता भांडण सुरू.

तुमचं पोस्टकार्ड सोमवारी मिळालं. काका, अशी गोष्ट पोस्टकार्डावर लिहितात का? आमच्या पोस्टमनने फाटकातूनच विचारलं, 'ताई, भट्टी मोडताय म्हणे?' आणि कार्ड माझ्या हातात पडायच्या आधी अर्ध्या आळीला बातमी कळली होती. तुम्ही तीन वाक्यं लिहिलीत. गणपती झाले की भट्टी मोड. पडवी माझ्या वाटणीची आहे, तिथे पोपटचे गणपतीचे साचे येतील. आणि मालूचं जमत आलेलं लग्न तुझ्या कपांनी मोडलं. तिन्ही वाक्यांना माझं एकच उत्तर आहे : भट्टी मोडणार नाही. पडवी तुमची, हे कबूल. आजोबांनी रोह्याचं पुढचं घर बाबांना दिलं आणि मागची पडवी तुम्हाला, हे मी कधी नाकारलं नाही. पण तिच्यातली भट्टी मी बांधली आहे, वीट न् वीट या हातांनी रचली आहे. पडवी न्यायची असेल तर खुशाल न्या, पण भट्टीला धक्का न लावता, तिच्या भोवतून न्या.

आता त्या रविवारचं. तुम्ही सगळ्यांना तुमच्या बाजूने सांगत फिरताय असं ऐकते, म्हणून माझी बाजू एकदा कागदावर येऊ दे. तुमच्या मालूला बघायला कासूचे पाहुणे येणार आणि कार्यक्रम माझ्याकडे रोह्याला ठरला. का? कारण श्रावणात पेणच्या तुमच्या घरात माणसाला बसायला जागा नसते. ओटीवर गणपती, माजघरात गणपती, पलंगाखाली उंदीर (मातीचे), आणि हौसाकाकू फळीवरच्या सोंडा सांभाळत आडव्या चालून स्वयंपाकघरात जातात. अशा घरात मुलगी दाखवायची तर पाहुण्यांना मांडीवर एकेक मूर्ती घेऊन बसावं लागेल, असं तुम्हीच म्हणालात. म्हणजे माझं घर चालतं, माझी ओटी चालते, माझं दूध-साखर चालतं. चालत नाही ती फक्त भट्टी.

पाहुणे गाडीने येणार म्हणून मी स्टेशनवर गेले. गाडी उशिरा, आणि ती आली तेव्हा तिच्यातून कासूचं कोणीच उतरलं नाही. (ते केव्हाच एसटीने येऊन तुमच्यासमोर बसले होते.) आमचे हे धाटावच्या कंपनीतून तिसरी शिफ्ट करून आलेले, आतल्या खोलीत घोरत होते. आणि घरात कर्ते पुरुष म्हणून उरलात तुम्ही. हौसाकाकूंनी मला सगळं सांगितलं आहे, तेव्हा नाही म्हणू नका. चहा उकळला, काकू स्टीलचे पेले पुसायला लागल्या, तर तुम्ही म्हणालात, 'पेल्यात कसला चा देतेस? पोरीची भयीण एवढी कलाकार हाय!' आणि तरातरा मागच्या पडवीत गेलात.

तिथे फळीवर माझे चोवीस कप होते. या दमट हवेत ते वाळायलाच तीन आठवडे लागले होते. निळी रेघ काढून झाली होती, आणि लगेचच्या गुरुवारी ते भट्टीत जायचे होते. तुम्ही एक कप उचललात, नखाने टिचकी मारलीत, गालाला लावून पाहिलात. गार लागला नाही. पेण गावात माती वाळली की नाही हे गालाने ओळखणारा तुमच्यासारखा दुसरा माणूस नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. तुमचा निकाल अगदी बरोबर होता. कप वाळले होते. पण काका, ते भाजले नव्हते! तुमच्या कारखान्यात वाळलं आणि रंगलं की काम झालं. साठ वर्षं मातीत हात घातलेल्या माणसाने आयुष्यात एकदाही माती भाजलेली नाही, आणि त्याची शिक्षा मात्र भट्टीला! काकू म्हणाल्या होत्या, 'अवो, मैनाला येऊ दे, तिला इचारू.' तुम्ही म्हणालात, 'मातीतलं मला इचारायचं, तिला नाय.' हे वाक्य मी भट्टीच्या दारावर खडूने लिहून ठेवलं आहे.

मी ओट्यावर पाय ठेवला तेव्हा चहा वाटून पाच मिनिटं झाली होती. ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. मुलाच्या आत्याबाईंच्या हातात नुसता कान होता आणि कप मांडीवर बसला होता. मुलाची आई बशी तोंडाला लावावी तशी ओंजळ तोंडाला लावून होती. मुलगा कपाचं बूड बोटांनी खालून दाबून धरत होता (याला मातीतलं थोडं कळतं असं मला तेव्हाच वाटलं). आणि मुलाचे वडील, गुणाजीराव, यांनी मुलीच्या घरचा चहा टाकायचा नाही म्हणून तो सगळा प्यायला होता. ओठांवर निळी रेघ, मिशीला चिखल, आणि माणूस किती सज्जन! म्हणतात, 'चा बेस हाय. वाईच घट हाय.' तेवढ्यात मालूला हसू फुटलं. आधी पदरात, मग पदराबाहेर, मग ती खालीच बसली. शेजारच्या अजीजाभाभी भिंतीवरून हे बघत होत्या. त्यांनी मस्कतहून आलेले काचेचे ग्लास धावत आणून दिले, म्हणून दुसरा चहा तरी माणसांच्या पोटात गेला. पाहुणे 'कळवतो' म्हणून निघाले. तुम्ही मात्र माझ्याकडे असं पाहिलंत की मीच चिखल उकळून पाजला.

मी गुणाजीरावांची माफी मागणार नाही. मागायची असेल तर तुम्ही मागा, मी सोबत येईन आणि शेजारी उभी राहीन. एवढंच सांगते, तुमची माती पाण्यात विरघळली की लोक हात जोडतात, डोळे पुसतात, 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतात. माझी विरघळली की 'भट्टी मोड'! हा कुठला न्याय? उलट तो प्रसंग कप भट्टीत न गेल्यामुळे घडला. चोवीस कप एकदा तिच्या पोटातून जाऊन आले असते तर कासूच्या पाहुण्यांनी त्यात चहाच काय, भर पावसात गुडघाभर पाणी साठवलं असतं.

आणि मला मातीत घातलं कोणी? मुंबईला कलाशाळेत पाठवा म्हणून बाबांच्या मागे तुम्हीच लागलात. मुलगी मूर्तिकाम शिकून येईल, कारखान्याला हात होईल, हा तुमचा हिशेब. तिथे शेजारच्या वर्गात चाक फिरताना पाहिलं आणि मी तिथेच अडकले, त्याला माझा इलाज नाही. पेणमध्ये अजून लोक विचारतात, गणपती करत नाही तर मग मातीचं करते तरी काय? वाडगे करते. बरण्या करते. कप करते. ते वाकडे असतात हेही खरं. आमचे हे वरणाच्या वाडग्याखाली बसचं जुनं तिकीट घडी करून सरकवतात, नाहीतर वरण एका बाजूला जमतं. (कंपनीत दिवसभर सगळं काटेकोर मोजतो, घरी जरा तिरकं जेवलं तर बिघडतं कुठे, असं म्हणतात. नवरा चांगला मिळाला आहे, तोही तुम्हीच शोधलात, तेव्हा तेवढे आभार.) अजीजाभाभींच्या चुलीतली राख मी झिलईत घालते, तर तिचा हिरवा असा उतरतो की खाडीकाठच्या भातशेतीची आठवण व्हावी. माझ्या कपांचा आकार साच्यातला नाही, माझ्या तळहातातला आहे, आणि माझा तळहात काही सरळ नाही. मी तो आता सरळ करणार नाही.

लोक हल्ली विचारतात, तुमची प्रेरणा कोण? मी काहीतरी मोठं बोलते, नदी, डोंगर वगैरे. तुम्हाला खरं सांगते. सहा वर्षांची होते. तुम्ही मूर्तीचे डोळे लिहायला बसलात की कारखान्यात कोणी शिंकायचं नाही. तुम्ही श्वास धरायचात, मीही धरायची. भुवईची रेघ एका दमात कानाकडे जायची आणि शेवटी जरा वर वळायची, आणि मग मातीच्या ढिगातून कोणीतरी माझ्याकडे बघायला लागायचं. माझ्या कपांवरची निळी रेघ ही तीच भुवई आहे, काका. दहा वर्षं काढते आहे. येत नाही. माझी रेघ नुसती जाते, शेवटी वर वळत नाही. आणि आता तुमच्याकडे पोपटदादा फवाऱ्याने रंग मारतो, डोळे कारागीर लिहितात, आणि तुम्ही ओट्यावर बसून पोस्टकार्डं लिहिता. मला तुमचा राग येतो तो पडवीसाठी नाही, यासाठी येतो. तो राग इथे स्पष्ट लिहून ठेवते.

तेव्हा शेवटचं उत्तर तेच. भट्टी मोडणार नाही. साचे माळ्यावर ठेवा. लोभ आहेच, तो वाढवायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमची हट्टी पुतणी,
मैना

ता. क. १ : मालूचं लग्न मोडलेलं नाही. मुलगा धाटावला यांच्याच शिफ्टला आहे, त्याने काल यांना होकार सांगितला. म्हणाला, बघायला गेल्यावर हसणारी मुलगी पहिल्यांदाच पाहिली. गुणाजीराव स्वतः शुक्रवारी पेणला येतील. (हे वर लिहिलं असतं तर तुम्ही आनंदाने पुढचं पत्र वाचलंच नसतं. मी तुम्हाला ओळखते.)

ता. क. २ : मुलाच्या आईने रुखवतात माझे बारा कप मागितले आहेत. 'भाजलेले' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

ता. क. ३ : हे पत्र टपालाने नाही, यांच्या हाती पाठवते आहे, कारण सोबत एक पाट आहे. खाली खडूने माझं नाव लिहिलं आहे, जसं गणपती सांगणारे मूर्तीसाठी पाट आणून देताना लिहून देतात. तो पोपटदादाच्या रांगेत लावू नका. तुमच्याच हातची मूर्ती हवी म्हणून तुमच्या नावाने शेवटचा पाट येऊन दोन वर्षं झाली, हे मला काकूंनी सांगितलं. मला गणपती नको. चोवीस नवे कप फळीवर ठेवले आहेत, विसर्जनापर्यंत वाळतील, आणि त्यांच्यावर मला ती भुवई हवी आहे, तुमच्या हातची. हात कापतो, ठाऊक आहे. कप तरी कुठे सरळ आहेत? दारात आलेला पाट रिकामा परत पाठवायचा नाही, हा तुमच्या कारखान्याचा नियम. म्हणून विसर्जन झालं की हा पाट घेऊन रोह्याला या, आणि पडवीत त्याच्यावर बसा. तुमच्याच वाटणीची आहे ती.