खोली तीनची मेल

सोमवार, ४ मार्च
नोकरी लागली! भाजीपाल्याच्या शीतगृहात संगणक सांभाळायचे. मॅनेजरकाकांनी चहा पाजला, तू मला मुलीसारखी म्हणाले, आणि लगेच कामाला जुंपलं. कोपऱ्यातला लिनक्सवर चालणारा जुना संगणक थंड खोल्यांवर लक्ष ठेवतो. तापमान चढलं, किंवा कुणी अडकून आतलं लाल बटण दाबलं, की तो मेल पाठवतो. खोली तीनची आतली कडी तुटलेली आहे, त्यामुळे सगळी भिस्त त्या बटणावर. कडी बसवा की, म्हटलं. बघू, म्हणाले.

मंगळवार, ५ मार्च
मेलचा जुना प्रोग्राम म्हणजे अख्खं पोस्ट ऑफिस. येणारी मेल घेतो, साठवतो, रांगा लावतो, वर दार सताड उघडं ठेवून बसतो. आम्हाला तर फक्त बाहेर पाठवायची आहे. मी एक चिमुकला प्रोग्राम निवडला. तो कुणाचं काही घेत नाही, मेल कुलूपबंद वाटेने मोठ्या सर्व्हरकडे पोचवतो आणि स्वतःकडे काही ठेवत नाही. सगळी मेल एकाच पत्त्यावर, सध्या माझ्याच. काकांचा नंतर घालू. चाचणी केली, फोन टुणकन वाजला. आपली स्वारी खूश आहे.

बुधवार, ६ मार्च
जुना प्रोग्राम काढताना रांगेत अडकलेली एक मेल दिसली. 'खोली ३. आत माणूस आहे.' झाडणाऱ्या मावशींना विचारलं, तर त्या झाडू टेकवून खालीच बसल्या. माझ्या आधी इथे होता त्याला सगळे भाऊ म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी आत अडकला. बटण दाबत राहिला, मेल कुणालाच गेली नाही, तिथेच गारठून गेला. मला रडूच आलं. ती मेल पुसून टाकली. पुसायला नको होती का?

शुक्रवार, ८ मार्च
मेल आली. 'खोली ३. आत माणूस आहे.' धावत सुटले. खोली रिकामी. काका म्हणाले, वायर ओली झाली असेल.

शनिवार, ९ मार्च
पुन्हा. जेवताना, मग आईशी फोनवर बोलताना. दरवेळी वॉचमनला पळवते, दरवेळी रिकामी. तो आता हसतो. मला मात्र धडकी भरलीय. आई म्हणते, सोड ती नोकरी. उद्या तिच्याकडे जाईन. आधी बटण तपासून टाकते, म्हणजे जीव भांड्यात पडेल.

रविवार
वॉचमनची सुट्टी. कुणीच नाही. दाराला पाचर लावून आत आले. बटण कोरडं, वायर धड. मग —

पाचर कुणी काढली?

दार लागलंय. वही खिशात, फोन बाहेर टेबलावर. बटण दाबलं.

बाहेर माझाच फोन वाजला.

एकच पत्ता. माझा —

आई वाट बघत असेल. बोटं वळत नाहीत —

मी आता दाबत नाहीये. दोन्ही हात वहीवर आहेत. फोन वाजतोच आहे. बटणावर कुणाचा तरी हा—