पंखावरचा चर

पप्पा, सध्या मी शिरूर अनंतपाळला आहे. एका मंडपवाल्याकडं स्टेज सजवायचं काम मिळालंय, लग्नसराई संपेपर्यंत तरी. त्याआधी बिलोलीत होतो, त्याआधी अर्धापुरात केळीच्या गाड्या भरत होतो. तिथली एक गंमत सांगायची होती, पण राहू द्या, नाहीतर मूळ गोष्ट बाजूला पडेल. ते उडवायचं छोटं विमान पुन्हा करायला घेतलंय. खोलीत दुसरं कुणी नसतं, त्यामुळं पसाऱ्याला कुणी बोलत नाही.

धड कशाचं करायचं यातच आठ दिवस गेले. पाट्या करणाऱ्याकडून सनबोर्ड आणला, तो पाट्यांचा फोमचा तक्ता. दिसायला सरळ, कापायला सोपा, पण हातात घेतला की कळतं, हा स्वतःचंच वजन उचलणार नाही. टीव्हीच्या खोक्यातला मऊ फोम आपटला तरी मोडत नाही, पण भिजलेल्या भाकरीसारखा लोंबतो. शेवटी थर्माकोलच. दुकानात तुमच्यासारखं नख दाबून बघत होतो, तर दुकानदार म्हणतो, "भेंडी घेऊन राहिलास का रं?"

नांदेडच्या घरात ओट्याशेजारीच तुमची तापलेली तार ताणलेली असायची. आई भाकरी थापायची आणि तुम्ही थर्माकोलचा ठोकळा तारेवरून सरकवत नवरा-नवरीची नावं कापायचात. गावाकडं भूकंपात तुमची आई दगडमातीच्या माळवदाखाली सापडून गेली, तेव्हा तुम्ही गवंडीकाम करत होतात. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. त्यानंतर तुम्ही दगडाला हात लावला नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचात, "थर्माकोल बरा. अंगावर पडला तरी माणूस मरत न्हाई." मला शिकवलंत ते एकच. "हात थांबवायचा न्हाई. थांबला की तिथं वितळतंय, चर पडतो."

मग दहावीनंतर लातूरला क्लासला घातलंत. एके दुपारी न सांगता आलात, हातात चिवड्याची पिशवी. टेबलावर पुस्तकं नाहीत, अर्धवट विमान. आता कानाखाली बसते, असं वाटलं मला. तुम्ही पंख उचलता, नख दाबता.

"हे काय करून राहिलास?"

"क्लासचं प्रोजेक्ट आहे."

"अन् माल हा? पॅकिंगचा हाय की. दाणा सुटून राहिलाय. क्लासवाल्याला न्हाई कळत, माझ्या पोराला तर कळावं."

बोललात ते एवढंच. आठवड्यानं एसटीतून पार्सल आलं. गोणपाटात गुंडाळलेला, घट्ट दाण्याचा, टोकाकडं निमुळता होत गेलेला अख्खा पंख. पोरगं लातुरात विमान बनवून राहिलंय, असं तुम्ही गल्लीभर सांगितलंत म्हणे.

त्या पंखावर मधोमध एक चर होता, करंगळी बसेल एवढा. तुमच्या कामात असला चर मी कधी बघितला नव्हता. फोन केला, आणि पंख मिळाला हे सांगायच्या आधीच म्हणालो, "पप्पा, हात थांबला की तुमचा."

तुम्ही म्हणालात, "हाव. भरून घे."

का थांबला, ते मी विचारलं नाही. दिवाळीच्या आत तुम्ही गेलात. आईनं नंतर सांगितलं, त्या दिवसांत काम करता करता छाती धरून उभे राहायचे, पोराला कळवू नको म्हणायचे, क्लास बुडंल त्याचा.

क्लास मी तुम्ही यायच्या दोन महिने आधीच सोडला होता, पप्पा. प्रोजेक्ट वगैरे काही नव्हतं.

इतकी वर्षं तो पंख गोणपाटातच गावोगाव फिरतोय. परवा नव्या धडावर ठेवून बघितला, नीट बसला. चर भरायला गोंदात थर्माकोलचा चुरा कालवला, पण भरवेना, तो वाटीतच वाळून गेला. आता नवाच पंख कापतोय, उडवायला. तुमचा गोणपाटात परत ठेवलाय, हा कागदही तिथंच ठेवीन.

एक सांगायचं राहिलं. उरलेला तुकडा तापल्या तारेवर धरून काल मी मुद्दाम हात थांबवला. तुमच्याएवढा चर पडेपर्यंत किती वेळ उभं राहावं लागतं ते बघायला. लई वेळ लागतो.