स्टेडियममधली आपली पायरी

तारनाका, हैदराबाद
रविवार

ती. आबांना,
वृषालीचा हैदराबादहून नमस्कार.

मी मजेत आहे. इथल्या आंबट-तिखट जेवणाचीही आता सवय झालीय. तुमचा गुडघा कसा आहे?

आज आपल्या दीपमाळ तालमीची फुटबॉलची सेमीफायनल मोबाइलवर बघितली. शेवटी गोल झाला तेव्हा मी एवढ्यानं ओरडले, की शेजारच्या भाग्यलक्ष्मीअम्मा धावत आल्या. "क्या हुआ जी?"

"हमारी टीम जीत गई, अम्मा."

त्या हसून गेल्या. मग खोलीत काही करमेना. लहानपणी गोल झाला की तुम्ही मला खांद्यावर घ्यायचात, आणि अख्खं कोल्हापूर नाचताना दिसायचं.

सकाळी फोनवर तुम्ही म्हणालात, "मी निघालोच मैदानावर." आबा, कॅमेरा आपल्या नेहमीच्या बसायच्या पायरीवर दोनदा आला. तिथं दुसरीच माणसं बसली होती.

पायऱ्या चढवत नाहीत, हे मला कळू द्यायचं नव्हतं ना? मग तुम्हीही घरात एकटेच बघत होतात.

फायनलला फोन चालू ठेवा. बोलायला नको. गोल झाला की एकमेकांचं ओरडणं तरी ऐकू येईल.

जपून राहा.
तुमची,
वृषाली