लपवलेला रकाना

रविवार, ११ जून

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या दाजींनी स्वयंपाकघरातला पंखा खोलून परत बसवला आणि तीन स्क्रू उरले. कंपनीनेच जास्तीचे दिले असतील म्हणतात. पंखा फिरतो, पण त्याच्याखाली कोणी बसत नाही. माझा गुडघा ऑफिसच्या जिन्यावर अजून कुरकुर करतो. डॉक्टरबाई म्हणतात वजन कमी करा. आरोग्य खात्यात नोकरी करून फुकटचा सल्ला तेवढा मिळतो.

परवाच तर फोन झाला, मग पत्र कसलं, असं तुला वाटेल. फोनवर मी तीनदा सुरुवात केली आणि तीनदा दाजींच्या पंख्यावर घसरले. तुझा आवाज ऐकला की मला धीर होत नाही. कागदाला आवाज नसतो, म्हणून लिहितेय.

तुला तलावावरून काढून सामानाच्या खोलीत बसवलं, त्याला तीन महिने झाले. अकरा वर्षं मुलांना पोहायला शिकवणारा माणूस टोप्या आणि रबरी ट्यूब मोजत बसलाय. साहेबांनी तुला कारण सांगितलं, 'मुलांच्या सुरक्षिततेसाठी.' त्यांना तुझ्या औषधांचं कळलं कसं, हा प्रश्न तू मलाच विचारलास. आणि उत्तरही तूच दिलंस: "ताई, फक्त तुला आणि पंपवाल्याला माहीत होतं. तू तर बोलणार नाहीस."

मी काय केलं, आठवतं? चहा टाकायला उठले.

तलावाचा पंप सांभाळणाऱ्या तुझ्या त्या मित्राने, पंपवाल्याने, कोणाला काही सांगितलं नाही, धाकट्या. ते माझ्यामुळे बाहेर गेलं.

कसं झालं ते सरळ लिहिते. दर वर्षी क्रीडा खातं आमच्याकडे तलावावरच्या माणसांची यादी मागतं. त्यांना एकच गोष्ट हवी असते: पात्र की अपात्र. तुझ्या नावापुढे डॉक्टरबाईंनी 'पात्र' लिहिलं होतं, काळ्या शाईत, सहीसकट. पण आमच्या संगणकावरच्या यादीत पुढे आणखी रकाने आहेत. कुठले उपचार चालू आहेत, कुठली औषधं, कधीपासून. नियम असा की बाहेर पाठवायची यादी वेगळी, कोरी तयार करायची. आमच्या खोलीतली रीत अशी की आहे तीच यादी घ्यायची, नको ते रकाने लपवायचे आणि धाडून द्यायची. काम दोन मिनिटांत उरकतं. वरिष्ठ लिपिकाने मला ते शिकवलं आणि मी पुढच्या दोघींना शिकवलं. त्या दिवशी पावणेसहा वाजले होते. मी रकाने लपवले आणि यादी पाठवली.

लपवलेलं म्हणजे पुसलेलं नव्हे. तिकडच्या कारकुनाला छापताना यादी वेडीवाकडी दिसली. त्याने सगळं निवडून एक बटण दाबलं आणि रकाने उघडले. त्याने तेच छापून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. माझ्याही नव्हतं, पण ते सांगून काय उपयोग?

तुझी बायको गेल्यानंतर तू झोपत नव्हतास, जेवत नव्हतास, तेव्हा दवाखान्यात मीच तुला हाताला धरून नेलं. दारात थांबून तू विचारलंस, "ताई, हे कुठे लिहितात?" मी म्हणाले, लिहितात, पण आमच्या खात्याबाहेर जात नाही, मी बसलेय ना तिथे. त्या एका वाक्यावर तू आत गेलास. मला हेच सगळ्यात जास्त टोचतं.

मला कळलं तुझी बदली झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात. पाठवलेली यादी उघडून तेच बटण दाबलं आणि तुझी सगळी औषधं समोर आली. तरी गप्प बसले. नोकरीला चार वर्षं उरलीत हे एक, आणि तू माझ्याशी बोलणं टाकशील हे दुसरं. खरं तर दुसरंच जास्त. पंपवाल्याशी तू बोलणं टाकलंस, ते मी मुकाट्याने बघत राहिले. एवढी भित्री तुझी बहीण.

गेल्या सोमवारी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. वरिष्ठ लिपिक म्हणाला, "संगणकाचा दोष लिहून टाका की, संगणक काय नाही म्हणतोय?" मी खुलाशात माझं नाव लिहिलं आणि सही केली. मग डॉक्टरबाईंनी क्रीडा खात्याला पत्र काढलं: यादीच्या सगळ्या प्रती परत करा, त्या माहितीवरून बदली करायचा तुम्हाला अधिकार नाही, आमच्या लेखी हा माणूस पात्र आहे. तुझी प्रत सोबत आहे. मंगळवारी बैठक आहे. तू परत तलावावर जाशील का, ते मला खरंच माहीत नाही. माझी चौकशी होईल ती होईल.

बुधवारी पंपवाल्याला भेटले. पंपाच्या खोलीत इतका आवाज की माफीसुद्धा ओरडून मागावी लागली. तो म्हणाला, "मी बोललो नाही, असं मीच सांगितलं असतं तर त्याला सारवासारव वाटली असती. तुम्हीच सांगा." थोड्या वेळाने म्हणाला, "त्याने एकदा विचारायला तरी यायला हवं होतं." मग हात पुसत विचारलं, "औषध घेतोय ना तो?"

मी ओरडूनच म्हणाले, माहीत नाही. आमच्या दवाखान्यात पाय ठेवणार नाहीस, असं तू मार्चमध्ये म्हणाला होतास. तुझी औषधांची नोंद माझ्या टेबलावरून दोन क्लिकवर आहे. बघितली तर अर्ध्या मिनिटात कळेल. रोज वाटतं, बघावं, सख्खी बहीण आहे मी. पण मी बघितलेली नाही आणि बघणार नाही.

इथे यायचं नसेल तर बाहेरच्या डॉक्टरचा पत्ता मागे लिहिलाय. तिथलं काही आमच्याकडे येत नाही. हे मी या वेळी चौकशी करून लिहितेय.

माझ्याशी बोलू नये असं वाटलं तर नको बोलूस. पंपवाल्याकडे मात्र जा. आणि या पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, पण गोळी चुकवू नकोस.

ताई