रिकाम्या फळ्या

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ग्रंथालयातल्या तुमच्या टेबलावरचा तो पत्र्याचा ट्रे मला रोज आठवतो. कुठे लावायची ते न ठरलेली पुस्तकं त्यात असायची, आणि संध्याकाळी तो रिकामा झाल्याशिवाय तुम्ही आम्हा शिकाऊ मुलींना घरी सोडत नव्हता. एकदा कंटाळून मी एक जाडजूड पुस्तक ‘इतर’मध्ये ढकललं, तर तुम्ही ते परत माझ्यापुढे आणून ठेवलंत. "सूचीचं कार्ड आपल्या सोयीसाठी नसतं. शोधत येणाऱ्याच्या सोयीसाठी असतं." मग एकोणिसाव्या शतकातल्या त्या अमेरिकन ग्रंथपालाची गोष्ट, आम्हाला पाठ झालेली. मोठ्या शहरातल्या नामांकित ग्रंथालयाची प्रचंड सूची त्याने तडीस नेली आणि उतारवयात लहान गावी जाऊन रिकाम्या फळ्यांपासून पुन्हा सुरुवात केली. तुम्ही सांगायचात जणू तो तुमचा सख्खा काका.

मीही चाळिशीत सिडनीला आले आणि इथल्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं जागेवर लावण्यापासून सुरुवात केली. तक्रार केली नाही. त्या काकापुढे लाज वाटली असती.

आता सूची माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी मॅनेजर म्हणाला, आकड्यांत मराठीच्या नावावर एकही पुस्तक जात नाही, मराठी पुस्तकं काढून टाकू. त्याच आठवड्यात वसईच्या एक बाई शिफ्टवरून परस्पर आल्या आणि इथे मराठी काही ठेवत नाही का, असं विचारू लागल्या. पुस्तकं त्यांच्या पाठीमागेच होती. लिपी एकच दिसते म्हणून कोणीतरी सगळी हिंदीत घातलेली, कॅटलॉगमध्येसुद्धा.

"हिंदीचं कपाट मी कशाला बघू, मॅडम?"

बरोबरच होतं. मी मॅनेजरकडून हिवाळ्यापुरती मुदत मागून घेतली. एकेक पुस्तक उघडून नव्याने नोंदवलं, वेगळ्या कपाटात लावलं, वर मराठीत पाटी लावली. टूनगॅबी, स्कोफिल्ड्स अशा उपनगरांतून माणसं येऊ लागली, पुस्तकं घरी नेऊ लागली. एक आजोबा तर तिथून हलेनात; नात बाही ओढत होती, "आबा, कॅन वी गो नाऊ?"

मुदत संपली तेव्हा अर्ध्याअधिक फळ्या रिकाम्या होत्या. मॅनेजरने त्या पाहिल्या आणि कपाट राहील म्हणाला. बाई, रिकाम्या फळ्यांचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

माझ्याही टेबलावर तसा ट्रे आहे. माझ्या हाताखालच्या मुली मला कडक म्हणतात, म्हणू देत. तो रोज रिकामा होतो. हे अर्धं लिहिलेलं पत्र मात्र आठवडाभर त्यातच पडून आहे. काल एकीने ते उचलून विचारलं, हे कुठे लावायचं?

मी म्हटलं, राहू दे तिथेच.