दंडावरचा वाटाणा

धावडा,
संक्रांतीनंतरचा सोमवार, १९९४

प्रिय बेबीनंदा,

तुला पोटभर आशीर्वाद. मी सांगून राह्यले आन तुझी वहिनी शिवकन्या लिहून राह्यली, म्हणून अक्षर चांगलंय. म्हैस व्याली, पारडी झाली. तू पाठवलेलं स्वेटर तुझ्या बापूंनी ट्रंकेत ठेवलंय, लग्नकार्यात घालीन म्हणतेत. स्वेटर काय लग्नात घालायचं असतं का? तूच विचार त्यांना.

गव्हाला पाणी सोडतो त्या दंडाच्या काठाला आपण दरसाल वाटाणा टोबतो. संक्रांतीच्या सुगडात घालायला गल्लीतल्या साऱ्या बाया शेंगा आपल्याकडूनच नेतेत, तुला ठाऊकच हाय. द्वारकाबाई तर भोगीलाच टोपलं घेऊन दारात उभी. औंदा दंडावर जाऊन बघते तर सारा रानवाटाणा माजलेला! तसलाच येल, पण शेंगा बारक्या, चपट्या, तोंडात धरवंना अशा. खुरपताना खरा वाटाणा उपटला आन तण राखलं, असं झालं. बाया काय हसल्या म्हणतीस! नुस्ते हरभऱ्याचे घाटे आन बोरं घालून ववसायची पाळी आली.

तवा मी द्वारकाबाईला म्हणले, दंड सुनेनं खुरपलाय, भोकरदनच्या बाजारपेठेतली पोर ती, तिला काय कळतं. पटकन तोंडातून निघालं. शिवकन्या तिथंच उभी होती. तवापासून बाया तिला वाटाणेवाली म्हणतेत. हापशावर गर्दी सरल्याबिगर ती जात न्हाई. परवा दुर्गाबाईकडं हळदीकुंकू होतं, डोकं दुखतंय म्हणून घरीच बसली. मला ठाऊक हाय, डोकं काही दुखत नव्हतं.

आता पत्र कशापायी, ते सांगते. तो दंड शिवकन्यानं खुरपलाच न्हाई. ती त्या दिवशी हरभऱ्यात होती. मी खुरपला, एकटीनं. मला नीट दिसत न्हाई गं, बेबी. डाव्या डोळ्यानं तर बिलकुलच न्हाई. हातानं पान चाचपून कळंल म्हणले, कळलं न्हाई. बापूंना समजलं तर ते शेतात पाऊल टाकू देणार न्हाईत, म्हणून गप बसले. माझं झाकायला मी लेकरावर घातलं. लाज वाटती मला, जेवताना तिच्या हातची भाकर उतरत न्हाई. येत्या शुक्रवारी आपल्याकडं हळदीकुंकू ठेवलंय. साऱ्या बायांसमोर खरं सांगणार हाय, तू माझ्याजवळ बसायला ये. मंग डोळे दाखवायला तुझ्यासंग जालन्याला येते. हे सांगितलं तर शिवकन्याचा पेनच थांबला मघाशी. आता लिहून राह्यली, पण मला तिचं तोंड दिसंना. रागावली का रडून राह्यली, काही कळंना. जल्दी ये.

तुझीच,
माय